हरिणखेडे ड्रायवरचं बुटकं कार्ड

जागेश्वर हरिणखेडे संगणकाला ‘डबा’ म्हणायचा, आणि रेल्वेच्या माणसाच्या तोंडी डबा हा काही मानाचा शब्द नव्हे. एकुलती मुलगी रुची पॉलिटेक्निकला लागली तेव्हा गोंदियातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून तो जुना, चपटा संगणक फुलचूरच्या त्यांच्या घरी आला. जागेश्वरने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि २०११च्या उन्हाळ्यात हाच माणूस, पन्नाशी उलटलेला, बनियनवर, कूलरकडे पाठ करून त्या डब्यासमोर तासन्‌तास बसलेला दिसू लागला. शेजाऱ्यांना वाटलं, ड्रायवर साहेबांनी शेअर बाजाराचा नाद लावून घेतला.

नाद होता, पण तो आगगाडीचा. रुचीने इंटरनेटवरून रेल्वे चालवायचा एक गेम उतरवून घेतला होता. त्यात कुणा हौशी पोराने गोंदिया ते डोंगरगड ही लाइन जशीच्या तशी मांडली होती. गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा, मग दरेकसाचा घाट आणि पुढे बोगदा. ज्या वाटेवर जागेश्वरची उमर गेली तीच वाट.

आमगावकडच्या पोवारांच्या खेड्यातला हा गडी. भाऊ धानाच्या बांध्यांत उतरले, हा मेरेवर, शेताच्या कडेला, उभा राहून पटरीकडे पाहत बसायचा. बाप चिडून म्हणायचा, याला रेल्वेलाच देऊन टाका. रेल्वेने घेतलाही. आधी इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, मग असिस्टंट, मग ड्रायवर. पुढे सरकारने ड्रायवरचं नाव बदलून लोको पायलट केलं, पण फुलचूरच्या गल्लीत ते कुणी मनावर घेतलं नाही. मालगाडीचा ड्रायवर म्हणून त्याचं नाव होतं ते घाटासाठी. भरलेली गाडी दरेकसाच्या चढावर झटका न देता नेणं हे येरागबाळ्याचं काम नाही, आणि जागेश्वर ते असं करायचा की मागच्या डब्यातला गार्ड चहा पीत बसला असला तरी बशीत थेंब सांडत नसे. ही बशीची गोष्ट तो स्वतःच सांगायचा, तेव्हा तिच्यात थोडं पाणी घालून घ्यावं.

इंजिनात एक रिवाज असतो. सिग्नल दिसला की तो मोठ्याने बोलायचा: स्टेशनाच्या बराच आधी डिस्टंट, शिरताना होम, फलाटाच्या पुढच्या टोकाला स्टार्टर. ड्रायवर आणि असिस्टंट, ज्याला आधी दिसेल त्याने आधी, आणि दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्याने पाहून तेच परत म्हणायचं. “डिस्टंट, डबल यलो!” “डिस्टंट, डबल यलो!” दोन तोंडांतून आल्याशिवाय सिग्नल खरा धरायचा नाही. जागेश्वरचा आवाज इतका खणखणीत की दरेकसाच्या फलाटावरचे लोक म्हणत, हरिणखेडेची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते.

आणि मग मेडिकल झालं. ठराविक वर्षांनी ड्रायवरचे डोळे तपासतात, तसेच त्याचेही तपासले. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरने लहानसे दिवे दाखवले, ठिपक्यांचं पुस्तक उघडून आकडे विचारले, आणि शेवटी सांगितलं की रंग ओळखण्यात नजर कमी पडते, इंजिनावर आता पाठवता यायचं नाही. नोकरी गेली नाही, पगाराची अडचण नव्हती. लॉबीत बसवलं, म्हणजे ड्रायवर लोक ड्युटीवर चढताना जिथे हजेरी देतात त्या खोलीत. ज्यांना त्याने घाट शिकवला ती पोरं आता त्याच्यासमोर सही करून गाडीवर जात आणि हा मागे राही.

जागेश्वरने तो निकाल कधी मान्य केला नाही. खोलीतला बल्ब खराब होता, डॉक्टर घाईत होता, ठिपक्यांचं पुस्तक मळलेलं होतं. “माहे डोळे खराब असते त इतके वर्स गाडी का अंदाजानं नेली का?” हे तो इतक्यांदा म्हणाला होता की घरच्यांनी ऐकणं सोडून दिलं होतं. पण एक गोष्ट घरच्यांना सोडता येईना. त्या दिवसापासून जागेश्वरने डोंगरगडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत पाय ठेवला नाही. घाटातून जाईन तर इंजिनात बसून, प्रवासी होऊन नाही. आणि बायकोचं, रुख्मिणीचं, माहेर नेमकं दरेकसाला. तिच्या भावाच्या, खुशालच्या, पोरीचं लग्न झालं तेव्हा ती एकटी गेली. कुणी विचारलं की म्हणायची, त्यांची ड्युटी आहे. लग्नाला जमलेल्या अर्ध्या लोकांना ठाऊक होतं की त्यांची ड्युटी आता खुर्चीवरची आहे. रुख्मिणीला त्या मांडवात किती लाज वाटली हे तिने घरी येऊन सांगितलं नाही.

म्हणून तो गेम घरात आला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पण गेमने त्याचं डोकं आणखीच फिरवलं. चपट्या डब्यात घाट म्हणजे हिरवा चिखल. झाडं अचानक जमिनीतून उगवत. आणि सिग्नल? सिग्नल लांबून दिसायचाच नाही, अगदी अंगावर आल्यावर एक राखाडी दांडा आणि त्यावर मिणमिणता ठिपका. जागेश्वर लाल सिग्नल ओलांडून जाई आणि गेम बंद पडे.

“दाखवतच नाई हा डबा! मंग ओळखू कसा?”

“बाबूजी, यात ग्राफिक्स कार्ड नाई ना,” रुची म्हणाली. “हिशेबही त्यानंच करायचा न् चित्रही त्यानंच काढायचं. एकट्यानं कित्तीक करंल?”

जागेश्वरने डब्यावर हात ठेवला. मग म्हणाला, “मंजे गाडी एकटाच चालवून राहिला बिचारा. असिस्टंट नाई त्याले.”

“हो, तसंच समजा.”

“मंग आनू ना असिस्टंट!”

त्याच्या मनात काय होतं ते रुचीला कळलं नाही, पण रुख्मिणीला बरोबर कळलं. हा माणूस खेळायला कार्ड शोधत नव्हता. त्याला स्वच्छ चित्रात, स्वच्छ उजेडात एकदा सिग्नल ओळखून दाखवायचा होता. बल्ब खराब नाही, पुस्तक मळलेलं नाही, डॉक्टर घाईत नाही. आपल्या डोळ्यांवर आळ आला, तो खोटा होता, हे निदान स्वतःच्या घरात तरी सिद्ध करायचं होतं. रुख्मिणीला त्याची भीती वाटली. पण तिने अडवलं नाही.

गोरेलाल चौकाजवळ ईश्वरदासचं संगणकाचं दुकान होतं. त्याने काचेच्या कपाटातून एक खोकं काढलं. आतलं कार्ड चांगलं हातभर वाटावं असं, त्यावर दोन पंखे. “भाईसाब, ये लगाओ, फिर देखो मजा.” किंमत ऐकून जागेश्वरने खोकं जपून परत ठेवलं, काच फुटू नये इतक्या बेताने. शिवाय ईश्वरदास प्रामाणिक निघाला. डबा कोणता आहे ते कळल्यावर तोच म्हणाला, “उसमें तो ये घुसेगा ही नहीं. और घुसा भी तो करंट पूरा नहीं पड़ेगा. डब्बा बदलो, पावर सप्लाय बदलो. मतलब नया कम्प्यूटर ही ले लो.”

“ये तो घोड़े के लिए घर तोड़ने की बात हुई,” जागेश्वर म्हणाला आणि निघाला.

पुढचे दिवस त्याने या कामाला असं वाहून घेतलं की लॉबीतही तोच विषय. भार किती, जोर किती, पटरी किती सोसते, ही भाषा त्याच्या पोटातली होती. रुचीने शोधून सांगितलं की अशा चपट्या डब्यांसाठी निम्म्या उंचीचं, बुटकं कार्ड मिळतं. त्याला वेगळी वायर लागत नाही, खाचेतून मिळेल तेवढ्या करंटवर चालतं. ते फार ताकदीचं नाही, पण या गेमला पुरेल. नवं गोंदियात कुणी ठेवत नव्हतं. जुनं मात्र नागपुरात सीताबर्डीला मिळण्याची आशा होती.

नागपूरला नेहमी जाणारा माणूस म्हणजे केवळराम. जागेश्वरचा शेवटच्या काही वर्षांचा असिस्टंट, आता स्वतः ड्रायवर झालेला. अजूनही जागेश्वरला ‘उस्ताद’ म्हणायचा आणि दिवाळीला पाया पडायला यायचा. जागेश्वरने डबा उघडला, आतली मोकळी जागा फूटपट्टीने मापली आणि बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून कार्डाचा हुबेहूब आकार केला. जत्रेत जाणाऱ्याजवळ पोराच्या पायाचं सुतळीचं माप द्यावं, तसा तो पुठ्ठा त्याने केवळरामच्या हवाली केला. “याच्याहून कणभर मोठं दिसलं तरी नको घेऊस. दुकानदार गोड बोलंल. आयकू नको.”

केवळराम तो पुठ्ठा घेऊन सीताबर्डीतली दुकानं हिंडला. दुकानदार हसले, पण शेवटी एका जुन्या सामानाच्या दुकानात पुठ्ठ्यावर कार्ड ठेवून पाहिलं तर काठाला काठ जुळला. भाव जागेश्वरने ठरवून दिला होता त्याच्या आतच पटला.

आता ते गोंदियाला येणार. रेल्वेवाल्यांच्या वस्तू पोस्टाने जात नाहीत. औषध, डबा, लोणच्याची बरणी, सगळं कुणाच्या तरी ड्युटीच्या गाडीने जातं. केवळरामची मालगाडी दुपारी गोंदियाला थांबणार होती. लॉबीत बसून सगळ्या गाड्यांची खबर ठेवणारा माणूस स्वतः फलाटावर जाऊन उभा राहिला. आणि कंट्रोलने ऐन वेळी गाडी न थांबवता थ्रू काढली. केवळराम खिडकीतून हातातली पिशवी हलवत, दुसऱ्या हाताने कपाळ बडवत समोरून निघून गेला. जागेश्वरच्या हातात पडायच्या आधीच त्याचं कार्ड दरेकसाचा घाट चढलं. लॉबीतली पोरं हसून हसून बेजार झाली, आणि जागेश्वरही बऱ्याच दिवसांनी हसला.

म्हणून केवळराम सुट्टीच्या दिवशी स्वतःच पिशवी घेऊन घरी आला. रविवार होता. रुचीने डबा उघडून कार्ड बसवलं. बसलं, हूं की चूं न करता. तिने गेम चालू केला आणि तिच्याच तोंडून “अई गं!” निघालं.

घाट समोर उभा होता. पानं झडलेला सागवान, लालसर खडक, पटरीची चमक, दूरवर डोंगराची निळी कड. रुख्मिणी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि दारातच थांबली. “अवो माय, हा त आपला दरेकसा!”

जागेश्वर खुर्चीत सरळ बसला. उजवीकडे, असिस्टंटच्या जागी, त्याने केवळरामला स्टूल दिलं. “बस. पन आज तोंड उघडू नको. सिग्नल मी बोलीन. तू फक्त आयक.”

“हो उस्ताद.”

गाडी सालेकसाहून सुटली. बोटं कीबोर्डवर होती, पण अंग इंजिनात होतं. चढावर तो नकळत पुढे झुकला. वळण आलं, आणि दूरवर सिग्नल दिसला, काचेवरच्या थेंबासारखा लख्ख.

“डिस्टंट, डबल यलो!” घर दणाणलं.

बरोबर होतं. दोन दिवे होते, दोन मोजले होते. पुढे होम सिग्नल आला. “होम, यलो!” तेही बरोबर. डबल यलोनंतर यलोच येणार, हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पुढचा लाल असणार हेही नियमानेच कळत होतं. त्याने ब्रेक लावत लावत गाडी दरेकसा स्टेशनात आणली आणि फलाटाच्या अलीकडच्याच टोकाला अलगद उभी केली. गार्डच्या बशीतला चहा खरंच सांडला नसता. “स्टार्टर, रेड!” तो म्हणाला आणि मान वळवून सगळ्यांकडे असं बघितलं की जणू डॉक्टरच समोर उभा आहे. “पायलं? कोन म्हनते नजर गेली?”

रुचीने टाळ्या वाजवल्या. केवळराम जमिनीकडे बघत राहिला.

आता सिग्नल हिरवा व्हायची वाट पाहायची. जागेश्वर पडद्यावर नजर रोखून बसला. कूलर घरघरत होता. बाहेर कुणाची तरी सायकल वाजली. फलाटाच्या पार टोकाला तो एकच ठिपका जळत होता.

थोड्या वेळाने रुचीने बापाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत बापाकडे. ती काही बोलणार तोच रुख्मिणीने दारातून हाताने तिला थांबवलं. केवळरामचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्याने शब्द दिला होता. जागेश्वर अजून वाट पाहत होता. गुडघ्यावर बोटं वाजवत तो म्हणाला, “मोठी गाडी असन समोरून. सोडून नाई राहिले.”

कुणी काही बोललं नाही. त्या शांततेनेच त्याला सांगितलं. त्याची बोटं थांबली.

“झाला का?” त्याने विचारलं.

“कधीचा झाला, बाबूजी,” रुची म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

जागेश्वर पडद्याजवळ वाकला. लख्ख, स्वच्छ, एकही ठिपका न पुसलेलं चित्र. त्यात तो दिवा जळत होता, मघा होता तसाच. कार्ड चांगलं होतं. फार चांगलं होतं. त्याने आणलेल्या असिस्टंटने आपलं काम चोख केलं होतं, आणि आता दोष द्यायला डबा उरला नव्हता, बल्ब उरला नव्हता, पुस्तक उरलं नव्हतं. त्याला एकदम आठवलं की इंजिनात असताना दिवा वरचा, म्हणजे हिरवा, आहे की खालचा, म्हणजे लाल, हे जवळ गेल्यावर पाहायची सवय आपल्याला कधीतरी लागली होती. कधी लागली, ते मात्र आठवेना.

त्याने केवळरामकडे न बघता विचारलं, “केवळ, आखरी-आखरी सिग्नल पहिले कोन बोले? तू का मी?”

केवळरामने हातातला पुठ्ठा उगाच दुमडला. उस्तादशी खोटं बोलणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

“मी बोलत होतो. तुमी माग्याहून बोलत होते.” मग घुटमळत म्हणाला, “पन आवाज तुमचाच मोठा राहत होता उस्ताद. म्हनून तुमाले बी वाटलं असन, का तुमीच बोलले.”

“मंग सांगितलं काऊन नाई?” जागेश्वरचा आवाज चढला. “मागं केवढी गाडी राहत होती! काही झालं असतं त?”

“मी डोळा लवू नाई दिला कदी, उस्ताद. घाट संपेपर्यंत पानी बी पेत नव्हतो. आन सांगाले तोंड नाई झालं. मेडिकलमंदी तुमाले उतरवलं, त्या दिशी मी घरी जाऊन रडलो. आन सांगतो खरं, त्या दिशी मले झोप बी चांगली लागली.”

हे ऐकून जागेश्वरला राग यायला हवा होता. आला नाही. त्याला फक्त त्या पोराची कीव आली, ज्याने दोन माणसांचे डोळे एकट्याने वाहून नेले होते आणि दिवाळीला वर पायाही पडला होता. त्याने हात लांब करून केवळरामच्या पाठीवर ठेवला. इतकी वर्षं त्याने डॉक्टरला शिव्या घातल्या होत्या. आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की त्या अंधाऱ्या खोलीतल्या घाईतल्या माणसाने कुणाकुणाचे जीव वाचवले असतील. ते त्याने बोलून दाखवलं नाही. तेवढा मोठेपणा एका दिवसात येत नसतो.

रुख्मिणीने चहा आणला. केवळरामला स्टुलावरून उठवून खाटेवर बसवलं आणि स्वतः त्या स्टुलावर बसली. “गाडी उभीच ठेवता का? हिरवा आहे. चला.”

“तुले का समजते सिग्नलमंदलं?”

“रंग त समजतात ना. मी सांगतो, तुमी चालवा.”

जागेश्वरने बायकोकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळला, घसा साफ केला आणि म्हणाला, “स्टार्टर, ग्रीन.” गाडी हलली. तिचे शब्द बावळटच होते. “तो पाहा, दोन पिवळे,” “हा हिरवा, झाडाच्या बाजूनं,” असं ती सांगे आणि तो त्याचं रेल्वेच्या भाषेत करून परत म्हणे. बोगदा आला तेव्हा ती खरंच डोळे मिटून बसली, आणि रुची रडता रडता हसली.

पावसाळा संपल्यावर, धान फुलोऱ्यावर आलेलं असताना, नवराबायको पॅसेंजरने दरेकसाला निघाले. खुशालला आधी कळवलं होतं, पण जागेश्वर येईल यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. सालेकसा मागे पडलं आणि गाडी दरेकसाच्या आधी जंगलातच उभी राहिली. होम मिळाला नव्हता. लोक कुरकुरू लागले, कुणी पानतंबाखूचा डबा काढला. गाडी वळणावर होती, त्यामुळे खिडकीतून पुढचं इंजिन आणि त्याच्यापुढचा सिग्नल दिसत होता. जागेश्वरला इंजिन दिसत होतं. सिग्नलवर दिवा आहे इतकं दिसत होतं.

त्याने बायकोला खिडकीची जागा दिली आणि तिच्या खांद्यावरून बाहेर बघत उभा राहिला. ती टक लावून पाहत होती, डोळा न लवता.

“झाला,” रुख्मिणी हळूच म्हणाली. “पिवळा झाला.”

“होम, यलो!” जागेश्वर गरजला. सगळा डबा दचकून त्याच्याकडे पाहू लागला, आणि पुढे इंजिनाची शिटी वाजली. पाहिलं तिने होतं. आवाज मात्र त्याचाच मोठा होता.